सही जुळते आहे तोवर

वडिलांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्यांची बँकेत चांगली मुदतठेव होती आणि दवाखान्यात भरायला माझ्या हातात पैसे नव्हते. ठेव त्यांच्या एकट्याच्या नावावर. उजवा हात गेलेला, वाचा गेलेली, ओळख कधी पटायची, कधी नाही. बँकेतले साहेब भला माणूस, स्वतः घरी आले. खाटेशेजारी बसून त्यांनी तीनदा विचारलं, "काका, ठेव मोडायची का?" वडील नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. साहेबांनी अर्जाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि दारात मला म्हणाले, "ताई, त्यांना कळल्याशिवाय मला अंगठा घेता येत नाही." त्यांचं बरोबरच होतं. त्या रात्री आईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या.

आमच्या घरात कुणी लबाड नव्हतं. पैसा होता, जीव लावणारी माणसं होती. वेळेवर भरलेला एक फॉर्म तेवढा नव्हता. म्हणून साठी ओलांडलेल्या सगळ्यांना आणि त्यांच्या मुलामुलींना हात जोडून सांगते, हे कागद आताच करून घ्या.

बचत खात्यावर दुसरं नाव लावा आणि "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" अशी सूचना लेखी द्या. मुदतठेवीचं मात्र वेगळं आहे. ही सूचना असली तरी मुदतीआधी ठेव मोडताना बँका बहुधा दोघांच्याही सह्या मागतात. एकाच्या सहीवर मोडता येईल का, हे शाखेत विचारा आणि तशी सोय असेल तर आजच लिहून द्या.

वडील आजारी पडल्यावर नातेवाईक म्हणाले, मुखत्यारपत्र करून घ्या. पण ज्याला कागद कळत नाही त्याला मुखत्यारपत्र देता येत नाही. आणि आधी दिलेलं असलं तरी देणाऱ्याची समज गेली की आपल्या करार कायद्याप्रमाणे ते संपतं. नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं, हे फार कमी जणांना ठाऊक आहे. कोमात गेलेल्या माणसाच्या खात्यातले पैसे त्याच्याच उपचारासाठी मिळावेत म्हणून कुटुंबांना पालकत्व मागायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली आहे.

आता घराबद्दल. आपल्या राज्यात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये. ही सवलत चांगली आहे, पण त्यापायी किती म्हाताऱ्यांनी घाई केली! "बाबा, स्वस्तात होतंय, करून टाकू." नोंदणी झाली की घर मुलाचं, आणि बाबा त्या घरातले पाहुणे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली असं बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण सांभाळण्याच्या अटीवर ते दिलं होतं हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईला तिचं घर परत मिळवून दिलं. तिच्या मुलाने सांभाळण्याचं वचन लेखी दिलेलं होतं. तेव्हा द्यायचंच असेल तर अट कागदात घाला. माझं ऐकाल तर देऊच नका. मृत्युपत्र करा, घर शेवटपर्यंत तुमचं राहतं आणि मन बदललं तर तेही बदलता येतं.

बायकांना वेगळं सांगायचं आहे. तेराव्याचं जेवण उरकतं, पाहुणे पांगतात आणि मग कुणीतरी कागद पुढे करतो, "आई, वारस लावायचेत, इथे सही कर." डोळे सुजलेले, चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नाही, आई सही करते. वारसनोंदीसाठी म्हणून तिने सही केलेला तो कागद हक्कसोडपत्र निघतो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला प्रत्येक मुलाइतकाच वाटा असतो, आणि तो त्या सहीने जातो. मावशांनो, काकूंनो, कागद दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. मुलगा रागावला तरी चालेल.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि त्यांनी तुमच्यासमोर. साक्षीदार वयाने तुमच्याहून लहान घ्या आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला घेऊ नका. डॉक्टरांचा दाखला जोडला आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवलं तर पुढे वाद घालायला जागा कमी उरते. नॉमिनी लावलाय म्हणून मृत्युपत्राची गरज नाही, असं समजू नका. शेअर आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी मालक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. सोसायटीतल्या फ्लॅटचंही तेच. बँकेत आता चार नॉमिनी लावता येतात. तरी शेवटी पैसा कुणाचा, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदाच ठरवतो.

शेवटच्या आजारात कृत्रिम उपायांनी श्वास लांबवायचा की नाही, तेही लिहून ठेवता येतं. २०१८ पासून त्याला कायद्याची मान्यता आहे आणि २०२३ पासून दोन साक्षीदार नि नोटरी एवढ्यावर भागतं. हे बोलायला जड जातं. आमच्या घरी कुणीच बोललं नाही आणि तो निर्णय आईला दवाखान्याच्या जिन्यात उभ्याउभ्या घ्यावा लागला.

मुलांनो, तुम्ही पुण्यात असा की न्यू जर्सीत, आईवडिलांना हे तुम्हीच विचारा. वाटणीसाठी विचारतोय असं त्यांना वाटेल, म्हणून भावंडांना सोबत घेऊन, सगळ्यांसमोर विचारा. आणि ज्या आईवडिलांना मुलं सांभाळत नाहीत, त्यांनी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करावा; महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर होऊ शकतो. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनवर फोन करा.

येत्या रविवारी जेवणं झाल्यावर कपाट उघडा, पासबुकं आणि पावत्या चटईवर मांडा, आणि कोणत्या कागदावर कुणाचं नाव आहे ते एका वहीत लिहून काढा. सोमवारी बँक उघडी असते.