मांजर सूड घेत नाही

चार दिवस गावाला जाऊन आल्यावर गादीवर मांजरीची लघवी दिसली, की घरातला निकाल बहुधा एकमताने लागतो: आपण तिला सोडून गेलो, म्हणून तिने राग काढला. नवा सोफा आठवडाभरात ओरबाडला गेला, बाळ घरी आले आणि मांजर पाळण्याखाली घाण करू लागली, पाहुण्यांच्या बॅगेवरच तिने शू केली. दरवेळी आरोप तोच, खुनशीपणाचा. कुत्रा माणसाचा आणि मांजर घराची, हे ऐकतच आपण मोठे झालेलो असतो, त्यामुळे हा आरोप पटायला वेळ लागत नाही. माझ्या मते तो पुराव्यापुढे टिकत नाही. आणि तो खरा मानून चालणाऱ्या घरात मांजरीचे हाल होतात, कधी कधी तिचा जीवही जातो.

सूड घ्यायचा तर झालेला अन्याय लक्षात ठेवावा लागतो, तो कोणी केला हे ओळखावे लागते आणि आपण अमुक केले तर त्या माणसाला वाईट वाटेल, असा अंदाज बांधावा लागतो. पहिल्या दोन गोष्टी मांजरीला थोड्याफार जमतही असतील. तिसरी जमते असा भरवशाचा पुरावा नाही. शिवाय लघवीची किळस आपल्याला वाटते. मांजरीसाठी तो वास म्हणजे हद्दीची खूण. आता दुसरी बाजू पाहू. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ मांजरांवर ७७ आठवडे लक्ष ठेवले आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतली १२ मांजरे निरोगी होती, २० जणांना मूत्राशयाचे जुनाट दुखणे होते. खाण्याची वेळ, साफसफाई, सांभाळणारी माणसे, सगळे ठरलेले असे. हा क्रम मोडला, म्हणजे ओळखीच्या माणसाऐवजी दुसरे कोणी आले किंवा वेळापत्रक बदलले, की मांजरे ओकायची, खाणे टाकायची, ट्रेच्या बाहेर लघवी किंवा शी करायची. आजारी मांजरांइतकीच निरोगी मांजरेही याला बळी पडत. यावर कोणी म्हणेल, ती प्रयोगशाळेतली पिंजऱ्यातली मांजरे. घरातल्या मांजरीशी त्यांचा काय संबंध? उलट त्यामुळेच हा पुरावा वजनदार ठरतो. तिथे ना रुसायला मालकीण होती, ना नासवायला गादी. ज्याच्यावर सूड घ्यावा असे कोणीच नसताना ट्रेबाहेर घाण करण्याचा तोच ‘गुन्हा’ घडला, आणि त्याच्या आधी घडला होता तो फक्त बदल.

बदलाचा एवढा धसका का, याचे उत्तर तिच्या वंशात आहे. घरातली मांजर पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या रानमांजरापासून आली, हे २००७ मध्ये जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. हा प्राणी एकट्याने शिकार करतो आणि स्वतःही मोठ्या जनावरांची शिकार होऊ शकतो. कळपाचा आधार नाही, त्यामुळे सगळी सुरक्षितता ओळखीच्या जागेत आणि ओळखीच्या वासांत. गाल घासून, नखे मारून ती हे वास घरभर लावत असते. दिवाळीआधी आपण भिंती रंगवतो, पडदे धुतो, फर्निचर हलवतो आणि एका आठवड्यात तिचा सगळा नकाशा पुसून टाकतो. वर फटाके आणि पाहुणे. नव्या सोफ्याला कसलाच ओळखीचा वास नसतो, शिवाय तो भक्कम आणि ऐसपैस असतो. अंग पूर्ण ताणून नखे मारायला तिला हवे असते ते नेमके हेच.

आक्षेप सोपे नाहीत. पहिला असा, की वाड्यात, चाळीत, कोकणातल्या घरांत पिढ्यानपिढ्या मांजरे होती, त्यांना कधी असले मानसिक त्रास झाल्याचे कोणी ऐकले नाही. ऐकले नाही हे खरे, पण त्या मांजरीला माळा होता, परस होते, शेजारचे कौलारू छप्पर होते. नको वाटले की ती निघून जाई, आणि लघवी कुठे करते याची चौकशी कोणी करत नसे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या मांजरीला निघून जायला जागाच नाही, त्यामुळे तिचा त्रास आपल्या डोळ्यांसमोर येतो. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: सूड हा माणसाचा शब्द, तसा ताण हाही माणसाचाच, मग एक खोटा आणि दुसरा खरा कसा? फरक असा, की ताणाचे निदान तपासता येते. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोके दिले आणि काहींना दिले नाही. खोकेवाली मांजरे लवकर स्थिरावली, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ताण मानला तर काय करावे हे कळते आणि त्याचा उपयोग झाला की नाही हेही कळते. सूड मानला तर हातात उरते फक्त शिक्षा. रागावलेल्या माणसाने केव्हातरीच्या लघवीत मांजरीचे नाक घासले, तर तिला त्या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. त्या माणसाची भीती मात्र पक्की बसते, म्हणजे ताणात भर.

मग मांजरीला माणसाचे काहीच वाटत नाही का? सूड नाकारला की लोक लगेच या दुसऱ्या टोकाला जातात, आणि तेही चूकच. ओरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाले यांनी ७० पिल्लांना सांभाळणाऱ्या माणसासोबत दोन मिनिटे, मग एकटे दोन मिनिटे आणि पुन्हा त्या माणसासोबत दोन मिनिटे ठेवले. माणूस परतल्यावर सुमारे ६४ टक्के पिल्ले निर्धास्त झाली आणि पुन्हा खोली धुंडाळू लागली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे प्रमाण माणसाच्या तान्ह्या मुलांत आढळते जवळपास तेवढेच आहे. जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी २०१३ मध्ये दाखवले, की मालकाचा आवाज मांजरी अनोळखी आवाजांतून ओळखतात. कान वळतात, डोके वळते, पण त्या उठून येत नाहीत. बोलावल्यावर धावत येणे हीच मायेची एकमेव खूण धरली, तर ही ओळख आपल्याला दिसणारच नाही. कुत्र्याची पैदास हजारो वर्षे माणसाच्या कामासाठी झाली. मांजरीकडून उंदीर मारण्यापलीकडे कोणी काही मागितले नाही आणि ते तिला आधीच येत होते.

तेव्हा पुढच्या वेळी गादी भिजली, की चौकशी गेल्या काही दिवसांची करावी. घरात काय बदलले, ट्रे वेळेवर साफ झाला का, तो धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनशेजारी तर नाही, दोन मांजरांत एकच ट्रे तर नाही? मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, असे पशुवैद्य सांगतात. पण त्याआधी तिला डॉक्टरांना दाखवावे, कारण मांजर दुखणे लपवते आणि ट्रेच्या बाहेरची लघवी ही कित्येकदा त्याची पहिली खूण असते. बोक्याच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नये. तो सारखा ट्रेमध्ये बसतो, जोर करतो आणि लघवी होत नाही किंवा थेंबभरच होते, तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर असा बोका दोन-तीन दिवसांत दगावतो.