मानधन: उणे 1,100 रुपये

अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी लेख लिहिला आणि त्यापायी माझे 1,100 रुपये गेले. लेख वाईट होता म्हणून नव्हे.

मंडळाने मानधनाचा 300 डॉलरचा चेक पोस्टाने पाठवला. जून 2024 मध्ये तो मी सांगलीत आमच्या बँकेत भरला. शाखेने तो मुंबईला धाडला आणि जुलैत 83.20 रुपयांच्या दराने 24,960 रुपये खात्यात आले. पासबुकात ‘जमा’ छापून आलं की आपल्या लेखी विषय संपला. मी त्यातून फ्रीजही दुरुस्त करून घेतला. मग 18 नोव्हेंबरला मेसेज: खात्यातून 25,470 रुपये वजा. पाठोपाठ दुसरा: 590 रुपये वजा.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, चेक रिटर्न झालाय. रिव्हर्सल आहे ते.”

“अगं, पण दिले 24,960 आणि घेतले 25,470?”

“देताना बाइंग रेट, घेताना सेलिंग रेट. सिस्टिमच करते ते.”

म्हणजे असं. चेक जमा होताना बँक आपले डॉलर कमी दराने विकत घेते. तो परत आला की तेच डॉलर, जे मुळात कधी आलेच नाहीत, त्या दिवसाच्या चढ्या दराने आपल्याला विकते. फरक 510 रुपयांचा. वरचे 590 म्हणजे चेक परत आल्याचे 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. चेक माझ्यामुळे परत आला नव्हता. मंडळाची निवडणूक झाली आणि नव्या कमिटीने जुनं खातं बंद केलं. मराठी मंडळ आहे. निवडणुकीनंतर काहीतरी बंद पडायचंच.

बँकेचं एक मला मान्य आहे. पैसे परत घेण्याचा तिला हक्क आहे. परदेशी चेकची रक्कम बहुधा ‘वटला तर’ या अटीवरच जमा होते, आणि फॉर्मवरच्या बारीक अक्षरांखाली मी सही ठोकलेली होती. चेक वसूल करताना बँक आपली एजंट असते. पण एजंटालाही कर्तव्य असतं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 214 सांगतं की अडचण आली तर एजंटाने मालकाला कळवायची होईल तेवढी खटपट करावी. मला कोणी, कधी कळवलं?

तीन खेपा घातल्यावर रिटर्न मेमो मिळाला. सोबत मूळ चेक नाही, त्याचं चित्र छापलेला कागद. अमेरिकेत 2004 पासून असा कागद चेक म्हणून कायद्याने चालतो. मेमोवर तारीख होती 08/09/2024.

“बघा, 8 सप्टेंबर,” शाखाधिकारी म्हणाले.

“साहेब, तिकडे महिना आधी लिहितात. ही 9 ऑगस्ट. शिवाय 8 सप्टेंबरला रविवार होता.”

साहेबांनी कॅलेंडर पाहिलं आणि चहा मागवला.

9 ऑगस्ट ते 18 नोव्हेंबर, 101 दिवस. शकुनाचा आकडा! न वटलेला चेक ग्राहकाकडे विनाविलंब, फार तर 24 तासांत रवाना करावा, ही गोयपोरिया समितीची शिफारस रिझर्व्ह बँकेने बँकांना कधीच लागू केली आहे. परदेशी कागदाला टपालाचे चार दिवस जास्त द्या. पण 101? माझं 1,100 वर भागलं. तासगावच्या एखाद्या बेदाणा व्यापाऱ्याने ‘जमा’ वाचून कंटेनर रवाना केला असता तर?

अशा भांडणात लोक एक चूक हमखास करतात, चेकची पूर्ण रक्कम बँकेकडे मागतात. चेकमागे पैसेच नव्हते, तर ते बँकेने का द्यावेत? मागायचं ते उशिरामुळे झालेलं नुकसान, आणि ते तारखांनिशी. मी 1,100 रुपयेच मागितले. आधी बँकेकडे लेखी अर्ज, पोच घेऊन. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन तक्रार केली. 2021 च्या योजनेत तिला फी नव्हती, वकील लागत नव्हता. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मेमो आणि पासबुकाचं पान एवढे दोन कागद मात्र जिवापाड जपा.

लोकपालांचा निकाल येण्याआधीच बँकेने 1,100 रुपये जमा केले. कारण काही लिहिलं नाही.

मानधन अजून यायचंय. नव्या खजिनदारांचा परवा फोन आला, “सर, चेक आजच पोस्टात टाकतो.” मी तिथल्या तिथे त्यांना खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड लिहून घ्यायला लावला.