कळ टाचेत, इलाज कुठे?

जुन्नर-आंबेगावात पायाचं दुखणं अंगवळणी पडलेलं. भात आवणीत दिवसभर चिखलात उभी राहिलेली बाई रात्री टाचेला तेल चोळते, फारच झालं तर मेडिकलमधून गोळी.

सकाळी पहिलं पाऊल टेकताच टाचेत कळ आणि थोडं चालल्यावर आराम, ही बहुधा तळव्याच्या पट्ट्याची सूज. रात्रीत अंगठा लालबुंद होऊन चादरही सोसवेना, तर युरिक ॲसिडची शंका घ्यावी. मधुमेहात तळव्यांची आग होते; पण त्याहून वाईट ती बधिरता, कारण रुतलेला काटाही कळत नाही.

बांधावर अचानक असह्य कळ आणि वर चढणारी सूज आली, तर घोणस चावल्याचा संशय आधी. आवळपट्टी नको, चिरा नको, मांत्रिक तर नकोच. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत: थेट दवाखाना, वेळेत प्रतिविष.

मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण भीमाशंकरच्या बाजूच्या वाडीवरून तिथवर यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. मधुमेहींच्या पायांची तपासणी गावच्या उपकेंद्रातच व्हावी. त्याला लागतो तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का पाहायचा एक नायलॉनचा तंतू आणि पाच मिनिटं.