आधी परवाना, मग पहार

उन्हाळा लागला की मोहल्ल्यात पहारी वाजू लागतात. पावसाआधी जोतं वर यावं म्हणून घाई. नकाशा नगरपालिकेत पडून असतो आणि ठेकेदार म्हणतो, "चाचा, बांधायला परमिशन लागते, पाडायला कसली?" ठेकेदाराचंही खरं, त्याचे मजूर रिकामे बसलेले असतात. पण घर आपलं जातं.

मुळात त्याचं म्हणणं चूक आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच इमारत पाडणंही धरलं आहे. म्हणजे नवी भिंत उभारायला जशी परवानगी लागते, तशी जुनी पाडायलाही लागते. नगरपालिकेनेच घर धोकादायक ठरवून उतरवायची नोटीस दिली असेल तर गोष्ट वेगळी. "६० दिवस झाले, उत्तर नाही, म्हणजे मंजूर," असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. कायद्यात अशी तरतूद आहे खरी, पण नकाशा नियमांत आणि विकास योजनेत बसणारा असेल तरच.

आणि न बसणारा असेल तर? आपली जुनी घरं थेट रस्त्याला लागून. विकास योजनेत तोच रस्ता रुंद दाखवलेला असला तर नवा नकाशा आत सरकवावा लागतो. पंधरा फुटांच्या घरातून पाच फूट गेले तर जिना कुठून काढणार? जुनं घर उभं असतं तर डागडुजी करून राहता आलं असतं. इथे भाड्याच्या दोन खोल्या, वर प्लॉटवर विटांचा ढीग.

आम्हाला मात्र याहून मोठी काळजी बहिणींची वाटते. अब्बांच्या इंतकालानंतर प्रॉपर्टी कार्डावर सगळ्या वारसांची नावं लागतात, निदान लागायला हवीत. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, तो कुणाच्या मेहरबानीचा नाही. नकाशासोबत मालकीचे कागद जोडायचे असतात, तेव्हा बहिणींची संमती लागते आणि भाऊ त्यांच्याकडे जातात. घर उभं असेल तर बहीण विचारू शकते की माझा हिस्सा कसा देणार, खोली की रक्कम? घर आधीच पाडलेलं असेल तर भावाची मुलं भाड्याच्या खोलीत, अम्मी दमेकरी, आणि समोर हक्कसोडपत्र. अशा वेळी ती नाही कशी म्हणेल? तिच्या सहीला राजीखुशी म्हणायला आमची जीभ वळत नाही. काही ठिकाणी हे घाईत होतं. काही ठिकाणी, माफ करा, मुद्दाम होतं.

परवाना हातात आला की मग पाडा. त्याची मुदत एक वर्षाची असते, वाढवूनही मिळते, तेव्हा पावसाळा आडवा आला तरी बिघडत नाही. पाडण्याआधी घराचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या एकत्र ठेवा. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्याला बोलावून त्याच्या बाजूचेही फोटो घ्या. नंतर तिला तडा दिसला की तो जुना की नवा यावर तंटा सुरू होतो, आणि जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या अंगणात दोन्ही घरची माणसं एकमेकांना सलाम न करता चपला शोधत असतात.