विश्लेषण : उसाची ट्रॉली रात्री दिसत का नाही? साडेतीन सेकंदांचे गणित काय सांगते?

दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापासून सोलापूर, अहिल्यानगरपर्यंतच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा दिसू लागतात. हंगाम साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात ‘उभ्या ट्रॉलीला दुचाकीची मागून धडक’ ही बातमी दरवर्षी वाचायला मिळते. अनेकदा दोष दुचाकीस्वाराच्या वेगाला दिला जातो. पण वेग बेताचा असतानाही धडक का टळत नाही?

ट्रॉल्या रात्रीच जास्त का धावतात?

तोडलेला ऊस जितका शिळा होतो, तितके त्याचे वजन आणि साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे हंगामात कारखाने चोवीस तास गाळप करतात. दिवसभर तोड, सायंकाळपर्यंत भरणी आणि अंधार पडल्यावर वाहतूक, असे हे चक्र असते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. नेमकी तीच शाळा, नोकरी, बाजारातून घरी परतणाऱ्यांची वेळ. वाहतूकदाराला पैसे टनावर मिळत असल्याने एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडल्या जातात आणि त्या काठोकाठ भरल्या जातात.

मग ती मागून दिसत का नाही?

ट्रॉलीच्या फाळक्याबाहेर आलेला ऊस आणि लोंबणारे पाचट मागचे दिवे झाकून टाकते. ट्रॅक्टरपासून पहिल्या आणि तिथून दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत जाणारी वायर शेतातल्या ओढाताणीत तुटते. रिफ्लेक्टर असला तरी त्यावर चिखल बसलेला असतो. मळकट हिरवा-तपकिरी ऊस प्रकाश फारसा परत फेकत नाही. काही ट्रॅक्टरचा मागचा पांढरा कामाचा दिवा रस्त्यावरही चालूच राहतो. मागून येणाऱ्याला ते समोरून येणारे वाहन वाटते. पुढचा एकच दिवा चालू असेल, तर समोरून येणाऱ्याला ट्रॅक्टर दुचाकीसारखा भासतो.

सेकंदांचे गणित काय?

दुचाकीचा वेग ताशी ६० किलोमीटर धरला, तर ती सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. डिपरच्या प्रकाशात काळपट, बिनदिव्याची वस्तू साधारण ४० ते ६० मीटरवर आल्यावरच कळते. ६० मीटर धरले तरी हातात साडेतीन सेकंद उरतात. धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंत भारतीय रस्ते आराखड्याच्या मानकांत अडीच सेकंद गृहीत धरलेले आहेत. तेवढ्यात ४२ मीटर संपतात. थांबायला उरतात १८ मीटर. याच मानकांनुसार ६० च्या वेगाला थांबण्यासाठी एकूण ८० मीटर अंतर लागते. म्हणजे चालक सावध असूनही धडक बसू शकते. समोरून अप्पर लाइट मारत वाहन आले, तर हे अंतर आणखी घटते.

रिफ्लेक्टरने काय फरक पडतो?

रेडियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परावर्तक पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात. साधा रंग प्रकाश चहूकडे विखुरतो. ही पट्टी तो आला त्याच दिशेने, म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे परत पाठवते. चांगली, स्वच्छ पट्टी दीडशे मीटरवरूनही चमकते. मग हातात साडेतीनऐवजी नऊ सेकंद येतात. तिला वीज लागत नाही, त्यामुळे वायर तुटली तरी ती काम करते. मात्र चिखलाने माखलेली किंवा उसाखाली गेलेली पट्टी असून नसल्यासारखी. म्हणूनच ट्रॉलीच्या फाळक्यावरील पट्टीबरोबर भरलेल्या उसाच्या मागे परावर्तक पट्ट्यांचे कापड बांधणे उपयोगी ठरते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉली, म्हणजे कायद्याच्या भाषेतला ट्रेलर, हेही ‘मोटार वाहन’च आहे. त्यामुळे ट्रॅक्टरची कागदपत्रे असली की झाले, हा समज चुकीचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०४ ट्रेलरलाही रिफ्लेक्टर बंधनकारक करतो. परावर्तक पट्ट्यांचा संकेत ठरलेला आहे : पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. कलम १२२ नुसार वाहन किंवा ट्रेलर इतरांना धोका होईल अशा रीतीने रस्त्यावर सोडता येत नाही. कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. माल मर्यादेबाहेर बाजूला, मागे किंवा उंच गेल्यासही २० हजारांच्या दंडाची तरतूद आहे.

अंमलबजावणी कुठे अडते?

हंगामाच्या सुरुवातीला परिवहन विभाग, पोलीस आणि कारखाने मिळून रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात. पण पट्टी दोन महिन्यांत मळते, सोलवटते आणि मोहीम मात्र एकदाच होते. गावोगावच्या रस्त्यांवर रात्री प्रत्येक ट्रॉली तपासणे पोलिसांना शक्य नाही. मात्र प्रत्येक ट्रॉली एका ठिकाणी थांबतेच : कारखान्याच्या काट्यावर. रिकामी ट्रॉली बाहेर पडताना दिवे आणि पट्टी पाहण्याचा नियम तिथे लागू केला, तर तपासणी रोज होऊ शकते. तोडणी-वाहतुकीचे करार कारखान्यांच्याच यंत्रणेमार्फत होतात आणि हा खर्च ऊस उत्पादकाच्या बिलातून वळता होतो. त्यामुळे ‘ट्रॉली वाहतूकदाराची, आमचा संबंध नाही’ ही भूमिका टिकत नाही.

ट्रॉली बंद पडली तर?

सर्वाधिक धोका इथेच असतो. पंक्चर झालेली किंवा पिन तुटलेली ट्रॉली रस्त्यातच सोडून ट्रॅक्टर मदत आणायला जातो. चाकाला लावलेले दगड आणि खुणेसाठी ठेवलेली झाडाची फांदी अंधारात दिसत नाही. ट्रॉली शक्य तितकी कडेला घ्यावी, परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवावा आणि एकाने सुरक्षित अंतरावर उभे राहून बॅटरीने इशारा द्यावा. निघताना दगड उचलायलाच हवेत. रात्री दुचाकी घसरायला तेवढा एक दगड पुरतो.

मागून येणाऱ्यांनी काय करावे?

रस्त्यावर उसाची कांडी, पाचट दिसू लागले, तर पुढे ट्रॉली आहे असे समजून वेग ४० पर्यंत आणावा. ओलांडताना ट्रॉली दोन आहेत हे गृहीत धरावे. पहिलीच्या पुढे जागा नसेल, तर माघार घ्यायला वेळ उरत नाही. डावीकडून ओलांडू नये आणि ट्रॉलीला चिकटून चालू नये. अनेक ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतात. चढावर ती मागे येऊ शकते, उतारावर ट्रॅक्टरला ढकलते. ट्रॉलीवर उसाबरोबर तोडणी मजुरांची कुटुंबेही असू शकतात. त्यामुळे ती दिसणे जितके दुचाकीस्वारासाठी गरजेचे, तितकेच वर बसलेल्यांसाठीही.