तळपायाची आग

मंडळी, 'तळपायाची आग मस्तकात जाणे' म्हणजे अतिशय संतापणे, हे मी शाळेत वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलं. आता मधुमेहापायी ती आग रोज रात्री शब्दशः भेटते. दिवसा मुंग्या, रात्री जाळ. पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो.

यावर आमच्या पिढीचं ठरलेलं उत्तर, "वय झालं, चालायचंच." मला हे अजिबात मान्य नाही. नसांच्या दुखण्यावर औषध आहे, फक्त ते नेहमीचं नव्हे. गुडघ्यासाठी आणलेली गोळी इथे फारशी चालत नाही. ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रीगॅबालिन अशी औषधं डॉक्टर देतात. पहिली दोन नैराश्यावरही देतात, तिसरं फिटवरही. हे नेटवर वाचून "मला काय वेड लागलंय?" म्हणत गोळी टाकून देणारे आमच्या नात्यातच आहेत! अहो, बिघडलेली नस मेंदूला आगीची खोटी वर्दी देत राहते, ती वर्दी ही औषधं मंद करतात, एवढंच. गुण यायला काही आठवडे लागतात. गुंगी येते, म्हणून रात्री दिवा लावूनच उठावं. आपल्या मनाने एकदम बंद करू नये. दुखणं निम्म्यावर आलं, झोप लागू लागली, की पुष्कळ झालं.

मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही पायांची अशी आग होते. शाकाहारी मंडळींनी तर तपासून घ्यावंच.

गंमत म्हणजे आपल्या भिवापुरी मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन मलमातून याच दुखण्यावर लावतात. मिरचीची आग नसांना कशी कळते ते शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. (घरचं तिखट मात्र लावू नका, बापा!)

मला खरी धास्ती वेगळीच आहे. रात्री जळणारा हाच पाय दिवसा बधिर असतो. कुष्ठरोगात जखमा चिघळतात त्या अशा बधिरपणामुळेच, हे वरोऱ्याच्या आनंदवनाशेजारी राहणाऱ्या आपल्याला ठाऊक आहे. तरी नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी देवळाच्या फरशीवर आपण अनवाणी प्रदक्षिणा घालतो. फोड आलेला घरी येऊन मोजे घालताना दिसतो. गोळीने आग शमली तरी नस बरी झालेली नसते. म्हणून रोज रात्री आरशात तळवे बघायचे, आणि पाय शेकायचं पाणी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यायचं.

दवाखान्यात शुगरचा रिपोर्ट दाखवताना पायही दाखवा. नायलॉनचा धागा टेकवून होणारी तपासणी दोन-चार मिनिटांची आहे. डॉक्टरांनी सांगितलं नाही, तर आपणच चप्पल काढायची.