गाडी पाण्यात कशापायी?

दाताच्या दवाखान्यात नवं चित्र लागलंय. नदी, झाडं, कौलारू घर, पाण्यात उभी घोडागाडी. खाली सोनेरी अक्षरं: 'निसर्गाच्या कुशीतलं शांत जीवन'. दाढेपेक्षा या ओळीनेच मला जास्त ठणका लागला. गावाचं चित्र दिसलं की शांतता फक्त गाव सोडून आलेल्यांनाच दिसते, हे माझं जुनं पालुपद. नेहमीच्या वाचकांनी माफ करावं.

चित्र जॉन कॉन्स्टेबलचं, 'द हे वेन', 1821चं. इंग्लंडच्या सफोक परगण्यातली स्टाउर नदी, काठावर चित्रकाराच्या वडिलांची फ्लॅटफर्डची गिरणी. लंडनमध्ये गिऱ्हाईक मिळालं नाही. 1824मध्ये पॅरिसला सुवर्णपदक मिळालं.

शेजारी गाल सुजलेले एक आजोबा बसले होते. बराच वेळ चित्र न्याहाळून म्हणाले, "गाडी पाण्यात कशापायी हुबी केलीया?"

"नदी ओलांडत असतील."

"ओलांडणारा मधीच थांबतो व्हय? चाकं भिजवत्यात. उन्हानं लाकूड आखडतं, धाव ढिली व्हती. आमी वैशाखात गाडी वढ्यात घालायचो. लाकूड फुगलं की धाव गच्च बसती."

मी गप्प. काही अभ्यासकही हेच कारण देतात, शिवाय घोड्यांना गारवा. पण त्यांना ते ग्रंथांतून कळलं असावं, आजोबांना ओढ्यात.

मग सुजल्या गालातून दुसरा प्रश्न आला. "मजुरी काय पडत आसंल?"

हे मात्र चित्रात नाही. नेपोलियनशी युद्ध संपल्यावर तिथे धान्याचे भाव कोसळले, शेतमजुरांचे हाल झाले. 1822मध्ये सफोकात त्यांनी मळणीयंत्रं फोडली. त्याच्या वर्षभर आधी आपला चित्रकार लंडनच्या स्टुडिओत बसून, जुनी रेखाटनं पुढ्यात घेऊन लहानपणची नदी रंगवत होता. गिरणीमालकाचा मुलगा तो. घोड्यांचा साज त्याने चोख टिपला, काठावरचा कुत्राही सोडला नाही. गवत कापणारी माणसं मात्र पार लांब कुरणात, नखाएवढी. चित्र थोर आहे, यात वाद नाही. पण ते धन्याच्या अंगणातून पाहिलेलं गाव आहे.

तेवढ्यात आजोबांना आत बोलावलं, नाहीतर गवताचा भावही निघाला असता.

तुमच्यापैकी कुणी लंडनला गेलंच, तर नॅशनल गॅलरीत या चित्रापुढे आधी चाकापाशी थांबा आणि मग उजवीकडच्या कुरणातली ती माणसं शोधा. तिकीट लागत नाही.